घंगाळाचा अड्डा

“तोंड शिवलं होतं का तुझं? ‘सासूबाई, दांडीला चिंधी आहे, हात लावू नका’, एवढे चार शब्द निघाले नसते?”

“निघाले असते. पण मग तुम्ही चिंधी काढायला लावली असती.”

“लावलीच असती! आता बघ. मार्गशीर्षातली थंडी, ऊन अजून कौलांवर आलं नाही, आणि या वयात मी दुसऱ्यांदा अंगावर पाणी घेणार. पाखराच्या पायाला ऊब हवी, म्हातारीची हाडं गारठली तर गारठोत!”

रखमाबाई न्हाणीच्या दाराशी उभ्या होत्या. हाताला चिंच आणि राख तशीच लागलेली होती आणि तो हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता. रोजच्यासारखं सोवळं नेसून त्या माजघरातला पोपटाचा अड्डा घासायला बसल्या, आडव्या दांडीवर हात फिरवला, तो बोटांना पितळेऐवजी सुती कापड लागलं. त्यांच्या सुनेनं, गोदूबाईनं, आदल्या संध्याकाळी स्वतःच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दांडीला गुंडाळली होती. वापरातल्या सुती कापडाला शिवलं की सोवळं मोडलं. आंघोळ पुन्हा, जपाची माळ पुन्हा, सगळं पुन्हा.

“पितळ गार पडतं, सासूबाई. शिवाय गुळगुळीत. त्याच्या नखांना धरायला काही मिळत नाही. तळवा लाल झालाय. या, दाखवते.”

“मला नको दाखवूस. सात वर्षं पिंजऱ्यात होता, तेव्हा कुठं गं लाल होत होता तळवा?”

“तेव्हा पिंजऱ्यात बांबूची काडी होती.”

रखमाबाई अधिक मोठ्यानं म्हणाल्या, “पाणी काढ!”

माजघरातून राघू त्याच आवाजात, त्याच ठसक्यात म्हणाला, “पाणी काढ!”

गोदूबाईला हसू आलं. ते लपवायला ती पाठ वळवून रहाटाकडे गेली.

गोदूबाई मूळची शहाडची. उल्हास नदीच्या काठचं गाव, वडिलांची भिक्षुकी. नवव्या वर्षी लग्न होऊन ती कल्याणात पारनाक्याजवळच्या या घरी आली, आणि आता तिशी ओलांडली होती. या घरात विचारलं की ‘नाही’ म्हणतात, हे तिला फार लवकर कळलं. तेव्हापासून न विचारता करायचं आणि मग बोलणी खाऊन घ्यायची, हा तिचा रस्ता होता. बोलणी संपली की केलेली गोष्ट बहुतेक वेळा तशीच राहायची. आवाज चढवणं तिला जमत नसे. नवऱ्याशी तर ती सासूसमोर कधी बोललीच नव्हती. त्या काळी तशी रीतच नव्हती.

दोन मुलं झाली होती. थोरली देवीच्या साथीत गेली. धाकटा आठ महिन्यांचा झाला आणि तापानं गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी तिचे यजमान श्रीपादराव, जे कल्याण स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून होते, ते एका संध्याकाळी उपरण्यात काहीतरी घेऊन आले. अजून धड पिसं न फुटलेलं पोपटाचं पिल्लू. कुणीतरी टोपलीभर विकायला नेत होता, त्यातलं एक. “हे जगेलसं वाटत नाही,” असं म्हणून त्यांनी ते तिच्या ओंजळीत ठेवलं. गोदूबाईनं भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून बोटाच्या टोकानं त्याला भरवली. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा. ते जगलं. घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण धाकटा गेल्यावर गोदूबाई पहिल्यांदा पोटभर जेवली ती हे पिल्लू भरवायला लागल्यावर, हे सगळ्यांना माहीत होतं. रखमाबाईंनाही.

राघू सात वर्षं मागच्या पडवीत बांबूच्या पिंजऱ्यात वाढला. मग गेल्या श्रावणात घंगाळ फुटलं.

ते घंगाळ मामंजींचं, म्हणजे गोदूबाईच्या सासऱ्यांचं. तीस वर्षं ते त्यात आंघोळीचं पाणी घेत आणि तीस वर्षं रखमाबाई ते रोज घाशीत. मामंजी जाऊन चार वर्षं झाली तरी घंगाळ न्हाणीत तसंच होतं, घासलेलं, रिकामं. त्याच्या बुडाला चीर गेली तेव्हाही रखमाबाईंनी ते जागचं हलवू दिलं नाही. मोडीत द्यायला त्या तयार नव्हत्या. तेव्हा श्रीपादरावांनी आपल्या मते फार सुंदर युक्ती काढली. तांबट आळीतल्या सहदेवाकडून त्यांनी ते पितळ वितळवलं आणि दसऱ्याला राघूसाठी अड्डा करून आणला. खाली जड गोल बैठक, तीवर छातीएवढा उंच दांडा, वर आडवी दांडी, तिच्या दोन टोकांना दोन वाट्या, आणि पायात अडकवायला कडी-साखळी. अख्खा पारनाका बघायला आला. सोन्यासारखं झळकत होतं.

सात वर्षं ज्या रखमाबाई ‘पाखराची घाण’ म्हणून पडवीत पाऊल ठेवत नव्हत्या, त्यांनीच अड्डा माजघरात, देवघराच्या दाराशी ठेवायला लावला. लाकूड असतं तर त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. लाकडात घाण मुरते, ती मुरली की निघत नाही. पितळ चिंच-राखेनं घासलं की शुद्ध. म्हणून रोज पहाटे आंघोळ झाली की पहिलं काम अड्डा घासण्याचं. घासताना त्यांचे ओठ हलत. जप करत असतील असं गोदूबाईला आधी वाटलं. एकदा जवळून ऐकलं तर त्या म्हणत होत्या, “पाणी कढत झालंय हो. या आता.”

हे ऐकल्यावर अड्ड्याविषयी काही बोलणं गोदूबाईला फार अवघड झालं.

पण राघूचा पाय तिला दिसत होता. दिवाळीनंतर तो एका पायावर उभा राहायला लागला. पोपट झोपताना एक पाय पोटाशी घेतो. हा दिवसाही घ्यायचा, आणि थोड्या वेळानं पाय बदलायचा. मग पुन्हा बदलायचा. उन्हात उभ्या राहिलेल्या अनवाणी माणसासारखा. दांडी सगळीकडे सारखी गोल, सारख्या जाडीची. पाय ज्या जागी टेकायचा त्याच जागी सदा टेकायचा, आणि तिथलं कातडं आधी चकाकलं, मग लाल झालं. म्हणून ती चिंधी.

त्या दिवशी दुसरी आंघोळ करून, दात वाजत असताना, रखमाबाईंनीच तोड काढली.

“लोकर चालते सोवळ्याला,” त्या म्हणाल्या. “सुती चिंधी नको. माझी जुनी धाबळी आहे, ती फाटतेच आहे. तिच्या पट्ट्या गुंडाळ. उबेला ऊब, आणि मला पुन्हा न्हायला नको.”

“सासूबाई, तुमची धाबळी?”

“मग काय तुझ्या माहेराहून आणायची? घे.”

पट्ट्या त्यांनी स्वतः फाडल्या आणि दांडीला स्वतः गुंडाळल्या, घट्ट, एकावर एक, जखम बांधावी तशा. राघूनं त्यावर पाय ठेवला आणि बोटं मुठीसारखी आवळली. नखं लोकरीत रुतली. गोदूबाईला इतकं बरं वाटलं की तिनं वाकून सासूला नमस्कार केला. “पुरे, पुरे, शिवशील!” म्हणत रखमाबाई मागे सरल्या.

पंधरा-वीस दिवस घर शांत होतं. रोज दुपारी नैवेद्य झाला की रखमाबाई दहीभाताचा घास राघूच्या वाटीत ठेवायच्या. तो थोडा खायचा, उरलेला संध्याकाळपर्यंत पडून असायचा. वाट्यांना कल्हई नव्हती. आतून पांढरं दिसलं की घंगाळाच्या पितळेची शोभा जाते, असं श्रीपादरावांचं म्हणणं. बिनकल्हईच्या पितळेत दही-ताक ठेवू नये, कळकतं, पोटाला बाधतं, हे त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पोर असतं तर. गोदूबाईनं आमटी कधी तशा भांड्यात उतरवली नव्हती. पण पाखराची वाटी हे भांडंच आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही, रखमाबाईंच्याही नाही. राघूचं खाणं कमी झालं, विष्ठा पातळ झाली, तेव्हा दोघी म्हणाल्या, थंडीचा गारठा बाधला असेल.

पौषात मामंजींचं श्राद्ध आलं.

आदल्या दिवशी गोदूबाईनं विचारलं. न विचारता करण्याची तिची रीत या वेळी तिनं मोडली, कारण श्राद्धाचा दिवस होता. “उद्या राघूला पडवीत ठेवू का? माणसं येणार, जाणार. बुजेल तो.”

“त्यांचं पितळ आहे ते,” रखमाबाई म्हणाल्या. “उद्या तरी त्यांच्या घरात राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सगळं घर सोवळ्यात होतं. बाहेर सोप्यात दोन ब्राह्मण पानावर बसले होते. श्रीपादराव बोटात दर्भाचं पवित्रक घालून समोर बसले होते. स्वयंपाकघरात रखमाबाई वडे तळत होत्या आणि गोदूबाई वाढत होती. स्वयंपाकघरातून सोप्यात जायचं म्हणजे माजघरातून जायचं, अड्ड्यावरून.

ती खिरीचं भांडं घेऊन निघाली तेव्हा राघू किंचाळला. पोपट किंचाळतात तसं नव्हे. तिनं वळून पाहिलं, तो दांडीखाली उलटा लोंबत होता. चोचीनं टोचून टोचून त्यानं धाबळीचे धागे सोडवले होते. असा एक धागा त्याच्या उजव्या पायाच्या पुढच्या एका बोटाला फास बसावा तसा गुंडाळला होता. कशानं तरी बुजून त्यानं झेप घेतली असावी. डाव्या पायात कडी-साखळी, उजव्या पायात लोकर, आणि सगळा भार त्या एका बोटावर. तो पंख आपटत होता आणि दांड्याला डोकं लागत होतं.

गोदूबाईच्या हातात खीर होती. ती खाली ठेवायला वाकली.

“हात लावू नकोस!” रखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. “गोदू, शिवू नकोस त्याला. अर्धं वाढून झालंय. आत्ता बाटलीस तर वाढायला कोण आहे? मला चूल सोडता येत नाही.”

“त्याचं बोट तुटेल, सासूबाई.”

“ब्राह्मण उठेपर्यंत थांब. एवढंच.” मग त्यांचा आवाज खाली आला. “आज त्यांचं पान आहे, गोदू. वर्षातून एकदा जेवतात ते.”

त्या ओरडल्या असत्या तर गोदूबाईनं कदाचित भांडं खाली ठेवलं असतं. पण त्या तशा बोलल्या, आणि ती खीर घेऊन सोप्यात गेली. श्रीपादरावांनी एकदा मान वळवली. आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पवित्रक घातलेला हात गुडघ्यावर ठेवला आणि नजर पानाकडे नेली.

परत येताना तिनं स्वयंपाकघरातली सांडशी उचलली आणि राघूला खालून आधार द्यायला पुढे केली. त्यानं सांडशीलाच चावा घेतला. “ती सांडशी बाटली, आता चुलीपाशी आणू नकोस,” रखमाबाई म्हणाल्या. मागच्या दाराशी तेवढ्यात लाकडाची मोळी टाकल्याचा धप्पकन आवाज झाला. टिटवाळ्याकडून डोक्यावर मोळी घेऊन येणारी रंगूबाई ती. तिनं किंकाळ्या ऐकल्या आणि दारातून डोकावली.

“बाय, राघू टांगलाय! मी येव का आत? कातर दे, धागा तोरते.”

“तिथंच थांब!” रखमाबाई म्हणाल्या. “श्राद्धाच्या घरात पाऊल टाकू नकोस.”

“पाखराला कुठं ठावं, सराद हाय म्हणून?” रंगूबाई म्हणाली. पण ती उंबऱ्याबाहेरच थांबली. थोडा वेळ उभी राहिली, मग तिला पाहवेना, आणि ती निघून गेली.

गोदूबाई वडे घेऊन गेली. आमसुलाची चटणी घेऊन गेली. भात, तूप, पुन्हा खीर. एका ब्राह्मणाला गवारीची भाजी आवडली, ती घेऊन गेली. जाताना एकदा, येताना एकदा. ती मोजत नव्हती, पण प्रत्येक वेळी राघूचे पंख आधीपेक्षा कमी हलत होते. ताकभाताला ते हललेच नाहीत. त्याचे डोळे उघडे होते आणि तो तिच्याकडे पाहत होता. तो ओरडतही नव्हता.

ब्राह्मण दक्षिणा घेऊन उठले. दुसरा उंबऱ्याबाहेर पडला तशी गोदूबाई कातर घेऊन आली. सोवळ्यासकटच तिनं एका हातानं राघूला तळहातावर उचललं आणि दुसऱ्या हातानं लोकर कापली. फास इतका आत गेला होता की तो दिसत नव्हता. सुईच्या टोकानं उचलून काढावा लागला. तेवढं होईपर्यंत राघूनं तिचा अंगठा चावून रक्त काढलं. तिनं हात मागे घेतला नाही.

त्या दिवशी ती जेवली नाही. प्रसादाचं पान तसंच झाकून ठेवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई मोळी न घेताच आली आणि मागच्या अंगणात बसली. गोदूबाईनं राघूला फडक्यात गुंडाळून आणलं. रंगूबाईचा बाप झाडांच्या ढोलीतून पोपटाची पिल्लं काढायचा. तिला पाखरांची माहिती होती. तिनं पाय उलटा करून पाहिला.

“ह्या बोटाचं काय नाय राहिलं, बाय. कालं परलं. तू कापू नको, ते सुकून आपसूक परंल. हळद-तूप लाव.” मग तिनं दुसरा पाय धरला. “नि ह्यो बघ. ह्यो त्याहून वाईट. तलव्याला घट्टा परलाय, आत पू हाय. कशावर बसवतंस त्याला?”

“पितळेच्या दांडीवर.”

“पितलेच्या? झाराला पितलेची फांदी कवा बगलीस का तू?”

रंगूबाईनं अड्डा पाहायचा म्हटलं, तो गोदूबाईनं दारापर्यंत ओढत आणला. रंगूबाईनं वाटीत बोट घातलं, बोट वर केलं. दह्याच्या वाळलेल्या कडेला हिरवं लागलं होतं.

“ह्ये काय? ह्यात तू जेवशील?”

गोदूबाईनं ते हिरवं पाहिलं. मग ती उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते. ती म्हणाली, “काय करायचं ते सगळं सांग, रंगूबाई. नीट सांग. मी विसरणार नाही.”

रंगूबाईनं सांगितलं. फांदी पेरूची आण, नाहीतर आंब्याची. कण्हेराची नको, शेराची नको, चोच लावील नि मरंल. साल ठेव, साल कुरतडायला लागते त्याला. एका अंगाला जाड, एका अंगाला बारीक, मधे वाकडी असली तर लई बरं, म्हणजे पाय एका जागी टेकायचा नाय, कवा इथं कवा तिथं. बोटांनी धरली की पुढची नखं मागच्या नखांना भिडता कामा नाय, भिडली तर फांदी बारीक झाली. काहीच गुंडाळू नको. खाण्याची वाटी मातीची, नि ती फांदीच्या खाली नको, बाजूला, न्हायतर त्याचीच घाण त्यात. चुलीच्या धुरात नको, दाराच्या वाऱ्यात नको. उंच ठेव, पर इतकं नको की परला तर मरंल. नि साखली काढ.

“उडून जाईल.”

“कुठं जाईल? सात-आठ वर्सं झाली. ह्याला जंगल ठावं तरी हाय का? रातचा पिंजऱ्यात घाल, मांजर येतंय.”

रखमाबाई आतून हे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी गोदूबाईनं पाहिलं, दांडीवरच्या धाबळीच्या पट्ट्या निघाल्या होत्या आणि चुलीत लोकर जळल्याचा वास येत होता. रखमाबाई चुलीपुढे बसल्या होत्या, डोईवरचा पदर पुढे ओढून. “माझीच धाबळी,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. गोदूबाईला त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं, पण त्या सोवळ्यात होत्या.

दहाव्या दिवशी बोट गळून पडलं. गोदूबाई पडवीत राघूला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला ते पदरात सापडलं, वाळक्या शेंगेच्या तुकड्याएवढं.

त्याच दिवशी रखमाबाईंनी अड्डा पुन्हा घासला. इतका की त्यात तोंड दिसत होतं. “आता दांडी मोकळी आहे,” त्या म्हणाल्या. “काही गुंडाळलेलं नाही, अडकायचं नाही. बसव त्याला. पडवीत फडक्यात किती दिवस ठेवशील?”

गोदूबाईनं पायात कडी अडकवून बसवला. नाही म्हणण्याची तिला सवय नव्हती. राघूनं एका पायाची तीन बोटं आणि दुसऱ्या पायाचा सुजलेला तळवा दांडीवर टेकला. दांडी चिंचेनं घासून बोटभर तेल लावल्यासारखी झाली होती. तो डुलला, पंख उघडले, आणि घसरून खाली आला. कडीच्या साखळीनं उलटा लोंबला.

गोदूबाईनं त्याला झेलला. दुपारची वेळ होती, ती ओवळ्यात होती, म्हणून झेलता आला. राघूचं काळीज तिच्या तळहातावर धडधडत होतं. उद्या सकाळी आठ वाजता मी कुठं असेन, असा विचार तिच्या मनात आला. चुलीपाशी, सोवळ्यात. परवाही. सण असेल तेव्हा दुपारपर्यंत. तो दोन पावलांवर लोंबत असेल आणि मला हात लावता येणार नाही.

तिनं कडी काढली. अंगणात गेली. मोडक्या जात्याची वरची दगडी तळी भिंतीशी पडून होती, मधे भोक असलेली. रंगूबाईनं आणून ठेवलेली पेरूची फांदी तिनं त्या भोकात ठोकून बसवली, बाजूनं पाचरी मारल्या. हलवून पाहिली. हलली नाही. तळी पडवीच्या कोपऱ्यात, धुरापासून आणि दारापासून लांब, ढकलत ढकलत नेली. राघू फांदीच्या जाड टोकाशी बसला, मग सरकत मधल्या वाकड्या भागावर आला, आणि सालीला चोच लावली. तो बरा होईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. सुजलेला तळवा फुटला तर दुसरा पायही जाईल, असं रंगूबाई म्हणाली होती.

दिवेलागणीला श्रीपादराव स्टेशनातून आले. माजघरात पाटावर टेकले. त्यांनी रिकाम्या अड्ड्याकडे पाहिलं आणि उत्साहानं आईला म्हणाले, “सहदेवाशी बोललोय. आडवी दांडी कानशीनं खरखरीत करून देतो म्हणतो. म्हणजे घसरायला नको. वाट्यांना कल्हईही करून देईल. पितळ आहे तसंच राहील, आणि पाखराचंही भागेल.”

“कल्हई कर हो,” रखमाबाई म्हणाल्या. “मी काही म्हणत नाही. शोभा गेली तर जाऊ दे.”

रखमाबाईंच्या तोंडून एवढं निघणं ही लहान गोष्ट नव्हती. श्रीपादरावांना सुटल्यासारखं वाटलं. “झालं तर मग. उद्याच पाठवतो अड्डा.”

गोदूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासू आणि नवरा दोघं समोर असताना बोलायची ती पहिलीच वेळ. पदर तिनं सारखा केला नाही, आवाजही चढवला नाही.

“अड्डा पाठवायचा तर पाठवावा, नाहीतर देवघरापाशी ठेवावा. राघू त्यावर बसणार नाही. तो मागच्या पडवीत पेरूच्या फांदीवर राहील. आणि उद्यापासून सोवळ्याचा स्वयंपाक मी करणार नाही. सणाला नाही, श्राद्धालाही नाही. राघू आहे तोवर नाही. सासूबाईंच्यानं होत नसेल तर इकडून स्वयंपाकाला बाई पाहावी.”